टिटवीच्या पट्ट्यावरचं आपलं भांडण

शेषराव, तू गेलास आणि त्यानंतर महिना-सव्वा महिना माझं कोणाशी भांडण म्हणून झालं नाही. घरात याची काळजी सुरू झाली. कमलने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. आळणी भाजी मी निमूट खाऊन उठलो, ही बातमी तिने पुण्याला प्रशांतच्या कानावर घातली, तर त्याने तिकडून मला विचारलं, बाबा, बीपीची गोळी चालू आहे ना? आता या मायलेकांना काय सांगावं? माझं भांडायचं माणूस गेलं होतं. बायकोशी भांडण म्हणजे ठरलेली हार, त्यात काही चुरस नाही. आपलं भांडण आपण पाळण्यात होतो तेव्हापासूनचं, आणि त्यात आजवर कोणी जिंकलं नाही. असं भांडण मागून मिळत नाही, ते वाडवडिलांनी ठेवून जावं लागतं.

तेरवीला लोक तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलले. शेषराव म्हणजे देवमाणूस. शेषराव कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. कोणाच्या अध्यात ना मध्यात? तू? एसटीच्या खिडकीतून मुंडकं बाहेर काढून रस्त्याकडेच्या वावरातल्या माणसाला वखर कसा धरायचा ते शिकवणारा तू. मला हसू फुटलं. ते दाबायला तोंडावर रुमाल धरला, तर तुझ्या भाच्याला वाटलं मी रडतोय, आणि त्याने पाण्याचा पेला आणून दिला. थोड्या वेळाने त्याचंही म्हणणं खरं ठरलं. पाणी मी दोन्ही कामांसाठी प्यायलो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला किनारा म्हटलं की मुंबईची सहल आठवते. आपल्या दोघांना तसं नाही, आपल्याला घरचा किनारा आहे. गावच्या तलावाचं पाणी पावसाळ्यात वर चढतं आणि फाल्गुनापासून उतरायला लागतं. मग तुझ्या आणि माझ्या वावराच्या मधे ओल्या मातीचा, रेतीचा, गोट्यांचा एक लांबडा पट्टा उघडा पडतो. तलाव झाला तेव्हा आपल्या दोघांच्या बापांची खालची जमीन पाण्यात गेली आणि तिच्यासोबत हद्दीचे दगडही गेले. वर जी उरली तिच्यातून धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, नेमका कुठून जातो, हे त्या दिवसापासून कोणाला कळलं नाही. तुझे बाबा म्हणायचे, बाभळीपासून पाण्यापर्यंत सगळं आमचं. माझे बाबा म्हणायचे, बाभूळसुद्धा आमची. एका मोजणीत पट्टा तुमच्याकडे सरकायचा, पुढच्या मोजणीत आमच्याकडे. शेवटी कोर्टाने सांगितलं, जैसे थे. निकाल लागेपर्यंत तिथे कोणी नांगर घालायचा नाही, कोणी ढोरं चारायची नाहीत, कोणी काही बांधायचं नाही.

निकालाची वाट पाहण्यात आपली अख्खी जवानी गेली. आपण थांबलो, टिटवी थांबली नाही. सगळ्या तलावाच्या काठाला जिथे तिथे नांगर फिरत होता, पाण्याच्या मोटारी बसत होत्या, आणि हा एवढाच पट्टा मोकळा होता. ती आली आणि बसली. तिच्या मागून बदकं आली, बगळे आले, हिवाळ्यात ते केशरी रंगाचे चक्रवाक आले, ज्यांच्या जोडीला तू सरपंच आणि सरपंचीण म्हणायचास. आपल्या बापांनी एकमेकांचा नांगर अडवला म्हणून हे सगळं झालं, दुसरं काही पुण्य त्यात नव्हतं.

मी तोवर एसटीत कंडक्टर म्हणून लागलो होतो. तुझे बाबा थकल्यावर कोर्टाच्या तारखेला तू जाऊ लागलास. मेहकरच्या सकाळच्या गाडीत पुढच्या सीटवर माझे बाबा, मागच्या सीटवर तू. माझ्या बापाच्या विरोधात उभं राहायला निघालेल्या माणसाला मी स्वतःच्या हाताने तिकीट फाडून द्यायचो, वर म्हणायचो, पुढे सरका. परतीच्या गाडीत मात्र तुम्ही दोघे एका सीटवर असायचात. मधे डबा उघडलेला, तुझ्या घरची ज्वारीची भाकर, आमच्या घरचा ठेचा, आणि दोघांच्या तोंडी वकिलांना शिव्या. एकदा मी विचारलं, 'तुमचं भांडण हाये का सोयरीक?' बाबा म्हणाले, 'भांडण जागेचं हाये, भाकरीचं कुठं हाये?' तुझ्या तोंडात घास होता, तू नुसती मान हलवलीस. त्या एका गोष्टीवर तुमचं दोघांचं एकमत झालेलं मी पाहिलं, दुसरी मला आठवत नाही.

चैत्र लागला की गाव आपल्या दोघांना विचारायचं, टिटवी कुठं बसली? टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस जोरात आणि पाण्याजवळ खाली घातली तर पाऊस ओढ देणार, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ती अंडी दिसतात कुठे? घरटं म्हणून काही नाही. उघड्या जमिनीवर चार खडे इकडचे तिकडे केले की झालं तिचं घर, आणि अंडी हुबेहूब गोट्यांच्या रंगाची. म्हणून पट्ट्यात पाय ठेवायचा नाही हे आपण कोर्टापेक्षा कडक पाळलं. तू तुझ्या कडेच्या काळ्या दगडावर बसायचास, मी माझ्या कडेच्या पळसाखाली, आणि पट्ट्यावरून ओरडून बोलायचो. तू म्हणायचास उंचावर घातली. मी म्हणायचो खाली. गावात दोन हवामान खाती झाली. ज्याचा अंदाज खरा ठरायचा तो बाजारभर मिरवायचा, आणि दुसरा म्हणायचा, अजून पोळा व्हायचा आहे.

आणि तो पायांचा वाद. टिटवी रात्री पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर झेलायला, हे तू शपथेवर सांगायचास.

'तू पाह्यलं काय बे?' मी विचारायचो.

'माह्या बापानं पाह्यलं.'

'तुह्या बापानं तं धुराही पाह्यला व्हता.'

मग त्या दिवसापुरतं बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी तूच त्या काठावरून हाक मारायचास, चहा पाठव म्हणून.

मग तो आला. नाव कशाला घ्यायचं, आपण त्याला लेआउटवालाच म्हणायचो. त्याला तलावाच्या काठाला रिसॉर्ट करायचं होतं, मागे प्लॉट पाडायचे होते, आणि पाण्यापर्यंत जायला मधला पट्टा हवा होता. सिमेंटचा घाट, बोटी, लग्नाचं लॉन, डीजे, रंगीत दिवे. आजूबाजूचे लोक भाव ऐकूनच पाघळले होते, आणि खरं सांगायचं तर भाव ऐकून आपणही एक दिवस गप्प होतो. त्याने गावात चौकशी केली. त्याला कळलं की पट्ट्याच्या दोन दावेदारांचं पटत नाही, तेवढीच अडचण आहे. तेव्हा त्या भल्या माणसाने आपल्यात समेट घडवायचं मनावर घेतलं. पंच झाले, पाटील झाले, सोयरेधायरे झाले, कोणाला जमलं नव्हतं ते करायला हा निघाला.

दुसरबीडच्या रस्त्यावर ढाब्यावर त्याने आपल्याला जेवायला नेलं. शेवभाजी चांगली होती, तू दोनदा मागून घेतलीस. तो म्हणाला, 'काका, तुम्ही भावाभावासारखे आहात. किती दिवस भांडणार? निम्मा निम्मा करून टाका, कागदपत्रं मी पाहतो.' त्याच्या बोलण्यात वावगं काही नव्हतं, उलट इतकं शहाणपणाचं आपल्याशी कोणी बोललंच नव्हतं. तू बडीशेप चावत त्याच्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, 'अन् टिटवीचं काय?' त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, तिसरी वारस निघाली.

येताना माझ्या मोटारसायकलवर तू मागे बसून बराच वेळ गप्प होतास. तू गप्प बसलास की मला भीती वाटायची. निम्म्या रस्त्यात तू माझ्या खांद्यावर थाप मारलीस आणि गाडी थांबवायला लावलीस.

'वसंता, तो बरोबर बोलून राह्यला. आपलं भांडण मिटलं तं पट्टा गेला.'

'मंग?'

'मंग मिटूच नाही द्याचं. भांडण पक्कं करून टाकू.'

'म्हंजे काय कराचं?'

'कागदावर आनू. पट्टा ना तुहा ना माहा. टिटवीचा. आपुन फक्त राखणदार, तू इकडून, मी तिकडून.'

मी म्हणालो, तुला शेवभाजी चढली. पण घरी येईपर्यंत मला ते पटलं होतं, फक्त तुला सांगितलं नाही.

माझ्या बाबांची केस ज्यांनी आयुष्यभर चालवली त्या मेहकरच्या वकिलांकडेच आपण गेलो. आपण दोघे एका बाकावर बसलेले पाहून त्यांना धडकी भरली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ट्रस्ट करावा लागेल, धर्मादाय कार्यालयात नोंदवावा लागेल, आणि दोघांनी आपापला दावा सोडून पट्टा ट्रस्टच्या नावे करून द्यावा लागेल. तू म्हणालास, करू, पण एक अट लिहा. दोन्ही घरचा एकेक माणूस ट्रस्टमध्ये कायम राहील, आणि त्या दोघांचं एकमत झाल्याशिवाय पट्ट्यावरचा एक गोटासुद्धा हलणार नाही. विकणं, भाड्याने देणं तर लांबच. वकील म्हणाले, 'बाकी कायद्याची कुलपं आहेतच. पण उद्या तुमचं एकमत झालं तर?' तू त्यांच्याकडे फार दयेने पाहिलंस. म्हणालास, 'वकीलसाहेब, इतके साल तुमी आमाले पाहून राह्यले. आमचं कधी जमलं काय?'

झालं ते असं. लोक देवाच्या नावाने ट्रस्ट करतात, शाळेच्या नावाने करतात. भांडणाच्या भरवशावर उभा असलेला ट्रस्ट आपलाच असेल. पाटी कोणत्या टोकाला लावायची यावर जमलं नाही, म्हणून दोन पाट्या झाल्या. दोन्हींवर लिहिलं, ही जागा टिटवीची आहे, पाय ठेवू नये. तुझ्या बाजूच्या पाटीवर खाली तुमच्या घराचं नाव आधी, माझ्या बाजूच्या पाटीवर आमच्या घराचं.

आणि पहिल्याच उन्हाळ्यात आपण शहाणपणा केला. रेती भरायला ट्रॅक्टर येऊ नये म्हणून पट्ट्याच्या वरच्या अंगाला चर खणला. चांगला खोल, उभ्या कडांचा. काम इतकं सुबक झालं होतं की आपण एकमेकांना चहा पाजला. मग पिल्लं निघाली. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाल्या दिवशीच चालायला लागतात, आणि ती चालली ती सावली पाहून नेमकी चराकडे, आणि एकामागून एक आत पडली. वर त्यांच्या आईबापांनी आकांत मांडला आणि आपल्या डोक्यांवर झेपा घालायला सुरुवात केली. तू शेणाचं टोपलं डोक्यावर पालथं घातलंस आणि चरात उतरलास. माझ्या डोक्यावर काहीच नव्हतं, केससुद्धा नाहीत हे तुला माहीतच आहे. तू खालून एकेक पिल्लू ओंजळीत घेऊन वर द्यायचास, मी ते कडेला सोडायचो, आणि सोडलेलं पिल्लू गिरकी घेऊन परत चरात पडायचं. बऱ्याच वेळाने टोपल्याखालून तुझा आवाज आला, 'अबे, त्याचं तोंड पाण्याकडं करून सोड ना. तू कंडक्टर व्हता का कोण? पाशिंजर उलट्या गाडीत बसवून राह्यला.'

मला इतकं हसू आलं की मी चराच्या कडेला बसकण मारली. तेवढ्यात टिटवीने माझ्या टकलावर पंखाचा फटका दिला, आणि तू आत टोपल्यासकट गदगदा हलत होतास. दुसऱ्या दिवशी आपण चराला ठिकठिकाणी उतार करून दिले, पिल्लांना चढता यावं म्हणून. चर खणायची कल्पना कोणाची, हा वाद मात्र अजून राहिलेला आहे. ती तुझी होती.

मेहकरच्या दवाखान्यात मी तुला भेटायला आलो तेव्हा हरभरा काढणीला आला होता. तुझ्या नाकात नळी होती. तू बोटाने मला जवळ बोलावलंस आणि म्हणालास, 'वसंता, पट्टा आमचा व्हता असं म्हण, अन् मी उठतो.' मी म्हणालो, 'आधी उठ, मंग पाहू.' तू हसलास, नळी हलली, आणि नर्सबाई मला रागावल्या. परत येताना गाडीत मनात आलं, म्हणायला काय हरकत होती? एका वाक्याचं तर काम. पण मी तसं म्हणालो असतो तर तू लगेच ओळखलं असतंस की आता आपलं काही खरं नाही. म्हणून नाही म्हणालो, आणि ते बरोबरच केलं असं मला अजून वाटतं.

मला म्हणायचं होतं ते वेगळंच होतं. शेषराव, तुझ्याइतका दुसरा माणूस मला आवडला नाही. तू त्या काठावर बसलेला दिसलास की माझा दिवस चांगला जायचा. हे मी तोंडावर बोललो असतो तर तू लेकीला हाक मारून म्हणाला असतास, काकाला घरी पोचव, याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. आता तुला हाक मारता येत नाही, म्हणून लिहून टाकतो.

तुझ्या जागी ट्रस्टमध्ये वंदना आली, तसं तूच सांगून ठेवलं होतंस. तुझी एकुलती लेक, मेहकरला दिलेली, बसने येऊन जाऊन करते. आणि इथून माझी झोप उडाली, कारण पोरगी गुणी आहे. आली की पाया पडते. काका, उन्हात फिरू नका. काका, गुडघा कसा आहे. मी म्हणालो, चराचे उतार ढासळले, तुमच्या बाजूने नीट करायला लागतील. 'करून घेतो काका.' मी म्हणालो, दोन्ही पाट्या रंगवायच्या आहेत, यंदा दोन्हींवर आमचं नाव आधी टाकू. तू असतास तर तलावात उडी घेतली असतीस. ती म्हणाली, 'टाका ना काका, तुमी मोठे.'

मी घरी येऊन कमलला म्हणालो, 'पोरगी हो म्हणते.'

'मंग चांगलं हाये ना.'

'काय चांगलं हाये? ट्रस्ट बुडाला.'

कमलने मला बसवून पाणी दिलं. पण माझी भीती खोटी नव्हती. लेआउटवाल्याला कुठून वास लागला कोण जाणे, त्याचा फोन आला. आवाज तसाच गोड. म्हणाला, 'काका, मेहकरला ताईंना भेटून आलो. ताई म्हणतात, काका म्हणतील तसं. आता सगळं तुमच्या एका शब्दावर आहे.' पाहा, किती सोपं झालं होतं. मी नाही म्हणणार, पण मी किती दिवस पुरणार? माझ्यामागे प्रशांत आहे, आणि तोही सज्जन. पुण्यात राहून तो रिक्षावाल्याशीसुद्धा भांडत नाही. दोन सज्जन वारस एका टेबलाशी बसतील, चहा पितील, एकमताने सही करतील, आणि टिटवीच्या अंड्यांवर सिमेंटचा घाट होईल. आपण कागद करताना सगळ्याचा विचार केला होता. पोरं चांगली निघाली तर काय, हे काही आपल्याला सुचलं नाही.

परवा टिटवी बसली. आज सकाळी वंदना आली तेव्हा मी म्हणालो, चल, दाखवतो. ती माझ्या शेजारीच पळसाखाली बसली, मान राखून, पदर सावरून. समोर त्या काठाला तुझा काळा दगड रिकामा होता. मला तिकडे पाहवेना, म्हणून मी टिटवीकडे पाहत राहिलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, 'दरसाल आमच्याच बाजूनं घालते ही.'

वंदनाने मान वाकवून अंड्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, 'काऊन?'

'काऊन म्हंजे? जागा आमची व्हती.'

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. तुझे कान लाल व्हायचे ना, तसे तिचे व्हायला लागले. 'काका, अंडे बाभळीपाशी हायेत.'

'मंग?'

'बाभळीपासून पाण्यापर्यंत आमचं.'

'कोण म्हणते?'

'बाबा म्हणत.'

'तुह्या बापाले काय समजत व्हतं? तो तं म्हणे, टिटवी पाय वर करून झोपते.'

'झोपतेच,' ती म्हणाली आणि उठली.

तिने पदर खोचला, पट्ट्यात पाय न ठेवता चराला वरून वळसा घालून तरातरा पलीकडे गेली, आणि शेषराव, तुझ्या दगडावर बसली. तिथून तिने जे सुरू केलं! पाटीवर नाव आधी कोणाचं, इथून सुरुवात. आमच्या बाजूच्या पाटीला हात लावून तर पाहा म्हणाली. चर खणायची अक्कल तुमची होती, बाबांनी मला सगळं सांगितलं आहे म्हणाली. अंडी उंचावर आहेत आणि तुम्ही दर वर्षी खाली म्हणून गावाला फसवलं, असंही म्हणाली. मी इकडून ओरडत होतो, ती तिकडून, आणि मधे टिटव्या उठून आपल्या परीने दोघांना बोलत होत्या. मला घसा कोरडा पडल्याचं समजलं तेव्हा मी थांबलो.

'अवं पोरी,' मी म्हणालो, 'मंग इतके दिवस हो ले हो काऊन करून राह्यली व्हती?'

तिचा आवाज खाली आला, पण पट्ट्यावरून ऐकू आला. 'आई म्हणे, काका एकटे पडले, त्याइले उलट बोलू नको. मले बी वाटलं, बाबा गेले, आता तुमचा जीव नसन लागत भांडाले. म्हणून चूप राह्यली.'

मी रुमाल काढला. या वेळी दाबायला हसू नव्हतं.

'अन् तो लेआउटवाला?' मी जरा वेळाने विचारलं.

'मले वाटलं तुमालेच द्याचं असन, म्हणून तुमच्यावर टाकलं.' मग तिने तिथेच बसून फोन लावला. तिकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही, तिचं मात्र सगळं आलं. 'हाव भाऊ, वंदना बोलून राह्यली. ते पट्ट्याचं नाही जमत. नाही, काकाचं अन् आमचं पटत नाही. नाही हो, समेट-गिमेट नका करू. आमचं खानदानी हाये.'

फोन ठेवून तिने मला त्या काठावरून विचारलं, 'काका, चहा पाठवता का?'

घरी आलो. दुपारी भाजी आळणी होती. मी कमलला विचारलं, बाजारातलं मीठ संपलं काय? तर ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मीठ आणण्याच्या आधी पुण्याला फोन लावला. 'प्रशांत, काळजी नको करू,' ती म्हणाली, 'तुहे बाबा बरे झाले.' मी तिच्या हातातून फोन घेतला आणि पोराला सांगितलं, पुढच्या सुट्टीत गावाकडे ये, तुला एका बाईशी भांडायला शिकायचं आहे.

तेव्हा निवांत राहा, शेषराव. यंदा अंडी उंचावर आहेत, तेवढं मी मान्य करतो. पट्टा मात्र आमचाच होता.